नाशिक जिल्ह्यांतील मनोरुग्णांची व्यवस्था : कागदांवरून परीक्षण कसें करावें ?

१

आमच्या संग्राहक मित्रांच्या दप्तरांत सनदा सांपडतात, महजर सांपडतात, वतनाचे तंटे, वंशावळी, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या व जमाखर्चाचीं बाडें सांपडतात. अमुक सरदार कोणत्या तिथीस कोठें मुक्कामास होता हें ठरविण्यासाठीं आम्ही वर्षेंच्या वर्षें वाद घालतों. परंतु गांवांतील ज्या माणसाचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं, त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न आम्हीं त्या दप्तरांस सहसा विचारलेला नाहीं. प्रस्तुत लेखांत तो नाशिक जिल्ह्यापुरता विचारण्याचें योजिलें आहे.

सार्वजनिक मानसिक आरोग्याची व्यवस्था एखाद्या जिल्ह्यांत कशी आहे, याचें परीक्षण हल्लीं डॉक्टर व सरकारी अधिकारी करतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं यासाठीं एक मापनसाधन सिद्ध केलें. त्यांत सहा विभाग व १५५ बाबी आहेत. कायदा, सेवा, प्राथमिक आरोग्यकेंद्रें, मनुष्यबळ, लोकशिक्षण व नोंदी असे ते विभाग होत. हें सर्व योग्यच आहे. परंतु अशा परीक्षणांत आजची स्थिति समजते. ती कशी आली हें समजण्यास जुने कागद लागतात, आणि तें काम आमच्यासारख्यांचें आहे.

या विषयांत दोन समजुती रूढ आहेत. पूर्वीं एकत्र कुटुंबांत वेड्याचाहि सांभाळ होत असे व ती व्यवस्था अलीकडे मोडली, ही पहिली. इंग्रजी अंमल येईपर्यंत वेड्याच्या नशिबीं साखळदंडाखेरीज कांहीं नव्हतें, ही दुसरी. दोन्ही समजुती ठासून सांगितल्या जातात. पुरावा मात्र दोहोंचाहि कोणी मागत नाहीं.

२

आमचा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला असल्यामुळें आरंभ ग्रंथांपासून करतों. चरकसंहितेंत निदानस्थानाच्या सातव्या व चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायांत उन्मादाचा विचार आहे. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी तेथील व्याख्या. चरकानें त्याचे पांच प्रकार मानले. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत मानसिक दुःखापासून होणारा व विषापासून होणारा असे प्रकार वेगळे गणून संख्या सहा केली. उपायांत सांत्वन व आश्वासन आहे, तसेंच बांधणें, कोंडणें व भीति दाखविणेंहि आहे. प्राचीनांच्या नांवावर केवळ करुणा किंवा केवळ क्रौर्य लादणारांनीं तो अध्याय समग्र वाचावा.

धर्मशास्त्राची बाजू संग्राहकांच्या अधिक उपयोगाची आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागांत उन्मत्तास वांटा नाकारला आहे. परंतु त्याच वचनांत तो ‘भर्तव्य’, म्हणजे पोसावयाचा, असें सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाचाहि आशय असाच आहे. म्हणजे हक्क काढून घेतला, तो एका कर्तव्याच्या बदल्यांत. मग वांटणीपत्र हातीं आलें असतां दोन गोष्टी पाहाव्या : एका भावाचा वांटा गळाला आहे काय, आणि गळाला असल्यास त्याच्या अन्नवस्त्राची तरतूद त्याच पत्रांत लिहिली आहे काय ? पहिली गोष्ट असून दुसरी नसेल, तर एकत्र कुटुंबाच्या सांभाळाविषयींची समजूत त्या घरापुरती तरी डळमळते. दोन्ही असतील तर ती समजूत पुराव्यावर उभी राहते. ही अपात्रता १९२८ च्या कायद्यानें जन्मतः वेड्या असणाऱ्यांपुरती मर्यादित झाली व १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें पूर्णपणें गेली. तेव्हां या कसोटीची कालमर्यादाहि निश्चित आहे.

मराठी ग्रंथांपैकीं महानुभावांचें गोविंदप्रभुचरित्र येथें आठवतें. तेराव्या शतकांत रिद्धपुरास लोक ज्यांस वेडे म्हणत, ते गोविंदप्रभु घरोघर व बाजारांत स्वच्छंद हिंडत, आणि गांव त्यांस सांभाळून घेई. परंतु ज्यास भक्त ईश्वर मानीत त्याच्या उदाहरणावरून सामान्य वेड्याच्या स्थितीचें अनुमान करणें हा न्यायशास्त्रदृष्ट्या सव्यभिचार हेतु होईल. तें चरित्र गांवाच्या सहनशीलतेची एक शक्यता दाखवितें, सरासरी दाखवीत नाहीं.

३

सरकारी कागदांचा प्रवाह १८५८ सालापासून स्पष्ट होतो. त्या वर्षीं एकापाठोपाठ तीन कायदे झाले. चौतिसावा वरिष्ठ न्यायालयांच्या हद्दीपुरता, पस्तिसावा मुफसलांतील दिवाणी न्यायालयांसाठीं, व छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांसाठीं. यांतील शेवटच्या दोहोंचा भेद संशोधकानें मनांत पक्का धरावा.

पस्तिसाव्या कायद्यान्वयें नातलग दिवाणी न्यायालयांत अर्ज करी, चौकशी होई, आणि वेडा ठरलेल्या इसमाच्या मिळकतीवर व्यवस्थापक व देहावर पालक नेमला जाई. छत्तिसाव्यान्वयें रस्त्यांत भटकणारा व धोक्याचा वाटणारा वेडा पोलिसांनीं मॅजिस्ट्रेटपुढें न्यावा, डॉक्टरचा दाखला घ्यावा व त्यास इस्पितळांत पाठवावें, अशी योजना होती. नातलगांनीं हेळसांड किंवा छळ चालविला असल्यास त्यांतहि मॅजिस्ट्रेटला हात घालतां येई. सारांश, ज्याला मिळकत होती त्याचें वेड दिवाणी दप्तरांत गेलें, आणि ज्याला नव्हती त्याचें फौजदारी दप्तरांत गेलें. पहिल्यांत माणसाविषयीं लिहितांना जमीन, दागिने व देणीं यांचे तपशील येणार. दुसऱ्यांत तो कोठें सांपडला व कोणास उपद्रव दिला हें येणार. दोहोंतहि त्याला काय होत होतें, हें एखाद्या दाखल्यापलीकडे क्वचितच येणार. एकच दप्तर पाहून निष्कर्ष काढणारा अर्ध्या जिल्ह्याचाच इतिहास लिहील.

नाशिकच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला. तत्पूर्वीं त्याचा मुलुख अहमदनगर व खानदेश या जिल्ह्यांत मोडे. म्हणून कायदा झाल्यापासूनच्या पहिल्या अकरा वर्षांचे कागद नाशकांत सांपडले नाहींत, तर वेडेच नव्हते असें कोणी समजूं नये. ते त्या जुन्या जिल्ह्यांच्या दप्तरांत शोधले पाहिजेत.

४

जिल्हा झाला, पण वेड्यांचें सरकारी इस्पितळ नाशकास झालें नाहीं. आजहि महाराष्ट्रांतील चार जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें नागपूर, रत्नागिरी, ठाणें व पुण्याजवळ येरवडा येथें आहेत. नागपूरचें १८६४ चें, रत्नागिरीचें १८८६ चें व ठाण्याचें १९०१ चें. ठाण्याचें होईपर्यंत मुंबईंत कुलाब्यास वेड्यांचें इस्पितळ होतें. नाशिककरांस यांत जवळचें तें ठाणें; नाशिकरोडहून आगगाडीनें सुमारें दीडशें किलोमीटर. थळघाटांतून गाडी १८६५ सालीं सुरू झाली, तिच्यामुळें हा प्रवास सुकर झाला. पण सुरगाणें किंवा पेठ येथील माणसास आगगाडीपर्यंत येणें हाच मुख्य प्रवास होता.

रुग्णाची ही वाट कागदांवर उमटत जाई. गांवीं पोलिस पाटलाची खबर, तालुक्यास फौजदाराचा किंवा मामलेदाराचा शेरा, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, सिव्हिल सर्जनचा दाखला, पोलिसांच्या बंदोबस्ताचा व भाड्याचा खर्च, इस्पितळाची पोंच, आणि शेवटीं सुटकेची किंवा मृत्यूची खबर. १९१२ च्या कायद्यानें निरीक्षणासाठीं मॅजिस्ट्रेट त्यास एका वेळीं दहा दिवस, व एकंदर तीस दिवसांपर्यंत, ठेवूं शके. त्यामुळें तारखांचें अंतर काढतां येतें. सांखळीचे सर्व दुवे एके ठिकाणीं मिळणें दुर्मिळच. परंतु खर्चाच्या एका बिलावरूनहि पाठविल्याची तारीख निघते, आणि पाटलाच्या खबरीशीं ती ताडून पाहतां येते.

संख्येसाठीं खानेसुमारीकडे वळण्याचा मोह होतो. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या दर खानेसुमारींत वेडे, मुकेबहिरे, आंधळे व महारोगी यांची वेगळी गणना आहे. १९४१ मध्यें ती सोडून दिली. हे आंकडे निरुपयोगी नाहींत, पण ते रोगाचे आंकडे नव्हेत. गणना करणारा दारांत उभा असतां घरच्यांनीं जें कबूल केलें, त्याचे ते आंकडे होत. स्त्रियांच्या बाबतींत लपवालपवीचा संशय खुद्द खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनींच वारंवार नमूद केला. ही अडचण जुनीच आहे असेंहि नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत मानसिक आजार असलेल्यांची संख्या साऱ्या देशांत सुमारें ७.२ लाख भरली. त्यानंतर २०१५-१६ मध्यें बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें बारा राज्यांत घरोघर शास्त्रीय पाहणी केली, तिच्यावरून उपचारांची गरज असणारे सुमारें पंधरा कोटि निघाले. दोहोंच्या व्याख्या भिन्न आहेत हें मान्य केलें, तरी एवढी तफावत केवळ व्याख्येची नव्हे. तींत घराघरांतील मौन आहे.

५

हें मौन कसें लिहिलें जातें याचें एक उदाहरण आम्ही आमच्याच घरचें देतों. आमच्या वंशावळींत आजोबांच्या भावंडांमध्यें एक चौकट शाईनें खोडलेली आहे. लहानपणीं आम्हांस सांगण्यांत आलें कीं ती लिहिणाराची चूक. निवृत्तीनंतर घरचीं जमाखर्चाचीं बाडें लावीत असतां आजोबांच्या हातचें एक खातें निघालें. त्यांत दरमहा एका दूरच्या इस्पितळास पाठविलेल्या मनिऑर्डरीची नोंद आहे. ती सुमारें आठ वर्षें चालते, आणि एका महिन्यांत खंडते. पुढें त्या पानावर कांहीं नाहीं. और्ध्वदेहिकाचा खर्च नाहीं, श्राद्धाचा नाहीं, प्रवासाचा नाहीं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत आमच्या घराण्याची नोंद आहे, तींतहि तें नांव नाहीं.

म्हणजे आमच्या आजोबांनीं धाकट्या भावास वंशावळींतून काढलें, आणि त्याच हातानें आठ वर्षें त्याचें अन्न पुरविलें. ‘निरंशक’ व ‘भर्तव्य’ हे दोन शब्द आम्हीं चाळीस वर्षें मुलांस समास सोडवून शिकविले. त्यांचा अर्थ आम्हांस त्या पानावर कळला. रूढ समजुतींपैकीं कोणतीहि एक या पानास पुरत नाहीं. घरानें टाकलें असें म्हणावें तर पैसे जात होते. सांभाळलें म्हणावें तर कोणी भेटावयास गेल्याचा एक पैसा खर्च पडलेला नाहीं. खोडलेली चौकट तेवढी पाहून आम्हीं आजोबांस कठोर ठरविलें असतें, व खातें तेवढें पाहून उदार ठरविलें असतें. दोन्ही कागद एकत्र ठेवले म्हणून खरें कांहीं हातीं लागलें.

६

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. १९४६ सालीं भोर समितीचा अहवाल झाला. त्या वेळीं साऱ्या हिंदुस्थानांत मनोरुग्णालयांच्या खाटा सुमारें दहा हजार होत्या, म्हणजे सुमारें चाळीस हजार लोकांमागें एक. इंग्लंडांत तीनशें लोकांमागें एक होती. पुढील विचार मात्र केवळ खाटा वाढविण्याचा राहिला नाहीं. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम झाला, आणि कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत १९८५ पासून जो प्रयोग झाला त्याच्या धर्तीवर १९९६ सालीं चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तालुक्याच्या व प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांस शिकवून तयार करणें, औषधें तेथेंच देणें, आणि जिल्हा रुग्णालयांत दहा खाटा राखणें, ही त्याची कल्पना. दूरच्या भिंतींऐवजीं जवळचा वैद्य, हा या स्थित्यंतराचा मथितार्थ.

कायदाहि बदलला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला. तो १९९३ सालीं अमलांत आला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें गुन्हा नसलेल्या मनोरुग्णास तुरुंगांत ठेवणें घटनाबाह्य ठरविलें. २००१ च्या ऑगस्टमध्यें तामिळनाडूंत एरवाडी येथें आग लागून साखळ्यांनीं बांधलेले पंचवीसाहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, तेव्हां साखळदंड हा केवळ जुन्या बखरींतला शब्द नाहीं हें देशास कळलें. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला. त्यांत सेवा मिळणें हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. भटकत्या रुग्णास पोलिसांनीं चोवीस तासांच्या आंत सार्वजनिक आरोग्यकेंद्रांत पोंचवावें, कोठडींत ठेवूं नये, असें स्पष्ट आहे. आणि कोणासहि सेवेसाठीं लांबचा प्रवास करावा लागूं नये, निदान प्रत्येक जिल्ह्यांत सरकारी सेवा असावी, असेंहि आहे. १८५८ च्या कायद्यानें रुग्णास सेवेकडे नेलें. २०१७ चा कायदा सेवेस रुग्णाकडे आणूं पाहतो.

७

यावरून परीक्षणाचे पांच प्रश्न आम्ही सुचवितों. ते जुन्या दप्तरास व आजच्या जिल्ह्यास सारखेच लागू पडतात, म्हणूनच दोन काळांची तुलना शक्य होते.

पहिला प्रश्न अंतराचा : रुग्णाच्या गांवापासून पहिला जाणता वैद्य किती दूर ? दुसरा कालाचा : पहिल्या खबरीपासून उपचारापर्यंत किती दिवस गेले ? तिसरा वाटेचा : रुग्ण घरच्यांबरोबर आला, पोलिसांबरोबर आला, कीं भगत व देवऋषी यांचे उंबरठे झिजवून शेवटीं आला ? चौथा परतीचा : गेलेल्यांपैकीं किती घरीं परत आले ? पांचवा नोंदीचा : परतल्यावर त्याची विचारपूस कोणाच्या वहींत होते ?

नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा. २०११ सालीं लोकसंख्या ६१,०७,१८७. राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्र नव्हता, म्हणून तिचे आंकडे येथें जसेच्या तसे लावतां येत नाहींत. तथापि केवळ त्रैराशिक मांडावयाचें तर, प्रौढांत शेंकडा ०.८ या तिच्या प्रमाणानें तीव्र विकारांचे रुग्णच जिल्ह्यांत तीस हजारांच्या आसपास होतात. त्यांपुढें जिल्हा रुग्णालयाच्या दहा खाटांचें मान ठेवून पाहावें. खाटा कमी आहेत ही तक्रार खरी असूनहि ती मुख्य नव्हे, हें यावरूनच दिसतें. तीस हजार माणसें खाटांवर राहावयाचीं नसतात. तीं घरींच राहावयाचीं असतात. म्हणून कसोटी लागते ती पहिल्या व पांचव्या प्रश्नास. सुरगाण्याच्या आरोग्यकेंद्रांत औषध महिन्याच्या महिन्यास मिळतें काय, आणि एखादा रुग्ण दोन महिने आला नाहीं तर त्याच्या पाड्यावर कोणी जातें काय ? २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला देण्याची योजना काढली. तिनें पहिल्या प्रश्नांतील अंतर कांहींसें तुटेल. पांचव्याचें उत्तर दूरध्वनि देऊं शकत नाहीं.

चौथ्या प्रश्नाचें उत्तर आजच्या अहवालांत शोधूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसते. किती आले याचे रकाने असतात. किती सुधारून आपल्या कामास लागले याचे क्वचित् असतात. आमच्या आजोबांच्या खात्यांतहि असेंच आहे. पैसे गेल्याची नोंद आहे, माणूस आल्याची नाहीं. आठ दशकांच्या अंतरानें दोन हिशेब सारख्याच ठिकाणीं मुके होतात.

८

शेवटीं संग्राहकांस दोन गोष्टींची विनंति आहे.

पहिली : सिव्हिल सर्जनचे दाखले, पोलिस पाटलांच्या खबरी, भाड्याभत्त्याचीं बिलें, मनिऑर्डरीच्या पावत्या असले कागद रद्दीच्या भावानें जातात. त्यांत राजमुद्रा नसते, म्हणून आम्हीहि ते बाजूस सारतों. आम्हीं स्वतः तारुण्यांत एका बाडाचीं अशीं पानें निरुपयोगी म्हणून टाकून दिलीं आहेत, आणि आज तीं परत मिळावयाचीं नाहींत. ज्यांच्या हातीं असे कागद असतील त्यांनीं ते जपावे, व कोणत्या गांवचे, कोणत्या सालचे, एवढें टांचण करून ठेवावें.

दुसरी गोष्ट आमच्या शिस्तीविरुद्ध आहे. अस्सल कागद अक्षरशः छापावा, एक कानामात्रा गाळूं नये, हा आमच्या पिढीचा नियम. परंतु २०१७ च्या कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यास दिला आहे. जुन्या कागदांस तो कायदा लागू पडो वा न पडो, त्यामागील नीति लागू पडते. कारण त्या रुग्णांचीं नातवंडें आजहि त्याच गांवांत सोयरिकी जुळवीत असतात. म्हणून अशा कागदांत गांव, साल, वय व तारखा छापाव्या, नांव व आडनांव गाळावें, आणि गाळल्याचें टीपेंत कबूल करावें. आम्हीं या लेखांत तसेंच केलें आहे.

घरच्या वंशावळीपुरता मात्र आम्हीं उलट निर्णय घेतला. ती नव्यानें लिहून काढली, तेव्हां खोडलेल्या चौकटींतील नांव भिंगानें वाचून पुन्हां आपल्या जागीं मांडलें, आणि मृत्युतिथीची जागा मोकळी ठेविली. त्या इस्पितळाच्या जुन्या नोंदींतून ती तिथि कोणी काढून दिल्यास ती जागा भरूं. इत्यलम्.